कोरडं पोतं

आई, डाव्या बाजूला गाठ लागलीय. तुला होती तिथंच, काखेच्या जरा खाली. आंघोळ करताना हाताला लागली आणि साबण हातातच राहिला. इतकी वर्षं डॉक्टरकी करून शेवटी हाक मारली ती तुलाच, बघ.

तुझं स्वयंपाकघर आठवतंय. मामानं फुलंब्रीहून शेंगदाण्याची दोन पोती पाठवलीत. एक कोरडं, दुसरं टेम्पोत भिजलेलं. मी चटणीसाठी दाणे निवडतेय, एक काळपट दाणा तुझ्यापुढं धरते. तू तव्यावरची भाकरी उलटत विचारतेस, "कुठल्या पोत्यातला?" दाणा तर समोर आहे, पोतं कशाला, मी म्हणते. "अगं शहाणे, कोरड्यातला असंल तर नुसती साल काळी असंल. ओल्यातला असंल तर खवट समज आणि फेक." मला तेव्हा वाटलं, आईचा कंजूषपणा, दुसरं काय.

मग मी तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच हाताखाली शिकाऊ डॉक्टर झाले. दौलताबादच्या तपासणी शिबिरात एका पोरीच्या एक्स-रेत डाग दिसला आणि मी टीबी सांगून मोकळी झाले. तिची अम्मी रडायलाच लागली, "बाई, इसका निकाह पक्का हुआ है, अब कौन करते इससे?" तू आलीस. पोरीला खोकला विचारलास, ताप, वजन, घरात कुणी आजारी. काहीच नव्हतं. मग सगळ्यांसमोर माझ्यावर उखडलीस, "धडधाकट माणसांच्या गर्दीत असा डाग सापडला तर तो बहुतेक वेळा खोटाच निघतो. आधी पोतं विचारायचं, मग दाणा बघायचा!" थुंकी तपासली, पोरगी ठणठणीत निघाली. त्याच आठवड्यात देवगाव रंगारीचा एक गडी आला. डाग अगदी तसाच, पण त्याची बायको टीबीनं गेली होती, त्याच खोलीत. त्याच्या थुंकीत काही सापडलं नाही, तरी तू त्याला घरी सोडलं नाहीस. म्हणालीस, "या पोत्यातल्या चांगल्या दाण्यावरही माझा भरोसा नाय." आणि झालंही तुझंच खरं, पुढच्या तपासणीत टीबीच निघाला.

पुढं तुझी पाळी आली. आजी स्तनाच्या कॅन्सरनंच गेली होती, मावशीही. रिपोर्ट यायच्या आधीच तू पलंगावर बसून म्हणालीस, "आपलं पोतंच ओलं गं." मग माझ्याकडं बघितलंस, जरा जास्तच वेळ, आणि एकदम विचारलंस, डाळ भिजत घातली का. तू काय बघत होतीस ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात मी तपासून घ्यायला गेले. मुद्दाम वाळूजच्या बाजूला, तुला ओळखणारं कुणी नाही अशा दवाखान्यात. मी डॉक्टर आहे हेही सांगितलं नाही. तिथला डॉक्टर माझ्या पोराच्या वयाचा. सोनोग्राफी पाहून म्हणाला, "काकू, गाठ साधीच दिसतेय, पण खात्रीनं नाही सांगता येणार." मग पेन थांबवून त्यानं नेमका तोच प्रश्न विचारला. "घरात कुणाला होता का कॅन्सर? आईला, मावशीला, आजीला?" पोरगं हुशार आहे, आई. तुला आवडलं असतं.

मी म्हटलं, "नाय. कुणालाच नाय."

"मग सुईची घाई नको. सहा महिन्यांनी परत बघू. काळजी करू नका."

मला काय कळत नाही का? मी लपवल्यानं गाठ बदलली नाही, बदललं ते फक्त त्याचं गणित. खरं सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी सुई घालून तुकडा तपासायला पाठवला असता. माझ्यासमोर एखादी बाई असं खोटं बोलली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. रोज सकाळी ठरवते, आज फोन करायचा. रोज सकाळी चाचपते, आणि गाठ मोठी लागते की माझी बोटंच घाबरलीत, ते काही समजत नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. भ्याले, म्हणून खोटं बोलले, हे तर तुला न सांगताच कळेल. पण तो "काळजी करू नका" म्हणाला ना, तेव्हा मला लई बरं वाटलं, आई. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी खरोखर कोरड्या पोत्यातली होते.