मऊ हातांसाठी संगीत

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! गेटपासून बंगल्यापर्यंत दोन्ही बाजूंना गुलाबाची रोपं, आणि वरच्या मजल्यावर मला ऐसपैस खोली. टेबल इतकं मोठं की कीबोर्ड, लॅपटॉप, दोन्ही स्पीकर मांडूनही चहाच्या कपाला जागा उरली. वर्षभर ताईच्या हॉलमध्ये, दोन भाच्यांच्या दंग्यात जिंगल्स केल्या. त्यामानाने हे म्हणजे माहेरपणच.

काम असं: हातापायांना लावायचं क्रीम बनवणारी ही कंपनी पन्नास वर्षांची होते आहे, त्यासाठी चार मिनिटांची फिल्म. शूटिंग, एडिटिंग झालंय, संगीत तेवढं बाकी. कंपनीच्या मालकांची, म्हणजे साहेबांची, अट एकच. तयार, विकतचं संगीत नको. इथेच राहून, इथलं ऐकून, नवंकोरं करायचं. पंधरा दिवस दिलेत. असं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही.

बंगल्याचं सगळं आत्या बघतात. साहेबांच्या सख्ख्या आत्या की नुसतं म्हणायला, कळलं नाही. सगळे आत्याच म्हणतात. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन स्वागत केलं. इतके मऊ हात! गालाची आतली बाजू जिभेला लागते ना, तसे. अंगावर उगीचच शहारा आला. प्रवासाचा शीण असणार.

६ मार्च, बुधवार

फिल्म पाहिली. चार मिनिटं नुसते हात: आजोबांचे, बाळाचे, कारखान्यातल्या बायकांचे. शेवटी पाटी, ‘आम्ही एका घरातले’. असल्या पाट्यांना मी आजवर डझनभर चाली लावल्या आहेत, हसू येत नाही आता. पण एक चमत्कारिक. फिल्म थांबवून पाहिली तर एकाही तळव्यावर रेषा नाही. एडिटिंगमध्ये पुसल्या असाव्यात, असं समजून जेवायला गेले. साहेबांनी मीठ पुढे केलं, तेव्हा त्यांचा तळवा दिसला. कोरा. उकडलेलं अंडं सोलावं तसा.

मुख्य चाल मात्र जमली. गिटारवर, पाचच सुरांची, झोपाळ्यासारखी पुढे-मागे जाणारी. साहेबांना आवडली. फक्त तारांवर बोटं सरकताना होणारी करकर नको म्हणाले. आमच्या फिल्ममध्ये काहीही खरखरीत नको. मी सांगितलं, ती माझ्या बोटांवरच्या घट्ट्यांची करकर आहे, वीस वर्षांची कमाई आहे ती. ते हसले. म्हणाले, जातील.

८ मार्च, शुक्रवार

कारखान्यातले आवाज रेकॉर्ड करायला गेले. सगळं चकचकीत. शेवटच्या खोलीत पुरुषभर उंचीची उघडी टाकी, तिच्यात पांढरं क्रीम अगदी सावकाश घुसळत असतं. आवाज ओला, ओठ मिटून उघडल्यासारखा. शिडीवर चढून माइक जवळ नेला तर वर जाड साय आलेली दिसली. टाकीवरच्या काकांनी कोपरापर्यंत हात घालून ती गोळा केली, चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटून चघळली आणि ‘जमलंय’ म्हणाले. मलाही पुढे केली. मी नको म्हटलं, तसं हसत माझ्या मनगटाला पुसली.

सायीवर लव होती. बारीक, सोनेरी. माणसाच्या हातावर असते तशी.

तीनदा हात धुतला. इथलं पाणीही बुळबुळीत आहे.

१० मार्च, रविवार

घास गिळवत नाही. ग्लासाच्या कडेला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, सगळीकडे तोच तवंग. जिभेवरही. खरवडली तर पांढरं निघतं.

आज गिटार हातात घेतली तर तारा निसरड्या. आत्या रोज सकाळी प्रेमाने क्रीमचं फडकं फिरवतात म्हणे. माझे घट्टे फुगून पांढरे पडलेत, तासभर भांडी घासल्यावर बोटं होतात तसे. हात जोडून सांगितलं, आत्या, गिटारला हात लावू नका, माझं पोट आहे या बोटांवर. त्या म्हणाल्या, अगं, आपल्या घरात कशाला हवेत ते घट्टे? परक्यासारखं काय करतेस?

आपल्या घरात. मला येऊन सहा दिवस झालेत.

१२ मार्च, मंगळवार

वाजवताना मधल्या बोटाचं टोक तारेला चिकटून राहिलं. नीट लिहिते. कातडीची छोटीशी टोपी निघाली, आतून ओली. रक्त नाही. दुखलंही नाही, ते जास्त किळसवाणं. खालचं बोट गुलाबी, गुळगुळीत, कोरं.

कागदात गुंडाळून टाकायला उठले तर दारात आत्या. हातात स्टीलची डबी आणि चमचा. टाकू नकोस म्हणाल्या. चमच्याने अलगद उचलून डबीत ठेवलं. डबीत आधीचं बरंच काही होतं.

कशाला, असं विचारलं. पाककृती सांगावी तितक्या सहज त्यांनी सांगितलं. पहिलं क्रीम साहेबांच्या आईने स्वयंपाकघरात विरजण लावून केलं. पन्नास वर्षं तेच विरजण चालू आहे. पण विरजण जुनं झालं की मरतं, अधूनमधून त्यात घरच्या माणसाचं थोडं घालावं लागतं. साहेबांच्या वडिलांचं आहे, आत्यांचं स्वतःचं आहे, टाकीवरच्या काकांचं तर दरवर्षी. बाहेरच्या माणसाचं लागत नाही, फाटतं. म्हणून आधी आपलंसं करून घ्यावं लागतं.

ओकले. जमिनीवरच. आत्यांनी पाठीवरून हात फिरवला, तो ब्लाउजला चिकटत चिकटत फिरला.

आठ दिवस सकाळी टोस्टला जे पांढरं लोणी लावून खाते आहे— विचारलं नाही. विचारणार नाही.

१३ मार्च, बुधवार

साहेबांना सांगितलं, मी जाते. अगदी सौजन्याने म्हणाले, गेट उघडंच असतं, इथे कुणी कुणाला अडवत नाही.

बूट घालायला मोजे बदलले. तळपायाची साल मोज्यातच राहिली. सबंध. टाचेच्या आकाराची. खाली पाय टेकवत नाही, टेकला तर सरकतो, फरशीवर ओलं उमटतं.

फोन अंगठा ओळखेना. नंबर दाबावा तर काचेवर बोट उमटेना. शेवटी नाकाने दाबला. ताई म्हणाली, रडू नकोस, गाडी काढून येते, परवा दुपारपर्यंत पोचते. कुणाकडचं काही खाऊ नकोस म्हणाली.

नऊ दिवस उशिरा, ताई.

१४ मार्च, गुरुवार

जाग आली तर डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. ओढून सुटली. टाकीसारखाच आवाज झाला—

साहेब येऊन शेवटचं रेकॉर्डिंग ऐकून गेले. करकर पूर्ण गेली म्हणाले. डोळे भरून आले त्यांचे. खरोखर. चाल सुंदर आहे, हे मलाही— माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. शी.

आत्या चादर बदलायला आल्या. झटकली नाही. घडी घातली, डबी—

काही खाल्लं नाही. तरी तोंडात साय येते.

१५ मार्च, शुक्रवार

डाव्या हाताने लिहिते आहे. पेन रबरबँडने बांधलंय. उजवा हात ताईच्या हातात आहे.

ती बाराला आली. कुणी अडवलं नाही. मला बघून किंचाळली, मग धावत येऊन हात धरला. तिचं ते जुनंच, आधी हात धरायचा. मी धरू नको म्हणेपर्यंत—

सुटत नाही. तळव्याला तळवा. मधे फट होती, ती आता नाही. तिच्या नाडीचे ठोके माझ्या मनगटात लागतात.

दोघी दारापर्यंत गेलो. माझे पाय— पडलो.

आत्या दारात. म्हणतात, घाई नको. सख्ख्या बहिणी, छानच लागेल.

लिहिते, म्हणजे ओरडणार नाही. ताई ओरडत नाही, ताई आहे ना ती. म्हणते, चिकटपट्टी काढतात तसं, एका झटक्यात. तीन म्हटलं की. मी नको म्हणते. अगं बघ, कातडी तुझ्या दंडापर्यंत सैल झालीय, नको ओढू, माझी नाही, तुझी—

एक म्हणाली.

ताई नको

दो