उष्णताधारकतेचा धडा

न्हावरे, १८ फेब्रुवारी १९७३

प्रिय रंगू,

परवा पाटसहून तुझी आई येऊन गेली. म्हणाली, "रंगी झोपतच न्हाई. डोळं मिटलं की पोर गारठंल म्हंती. तुम्हीच कायतरी लिवा." मी हो म्हणालो आणि दोन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलोय.

इकडं विहिरी आटलेल्याच. टँकर येतो, वाट्याला एक घागर. एकट्याला ती पुरते, याचाच राग येतो.

आपलं बाळ आठव्या महिन्यातच जन्मलेलं, एवढंसं. दौंडच्या नर्सबाईंनी बजावलं होतं की बाटल्यांत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळून दोन्ही अंगांना ठेवा. बारा दिवस तू रात्रीचा दिवस केलास. मी मोठा शास्त्राचा मास्तर, तुला समजावायचो की पाण्याची उष्णताधारकता जास्त. ते उशिरा तापतं, तसं उशिरा निवतं. "व्हय, मास्तर," म्हणून तू हसायचीस. ते हसणं आठवलं की घरात बसवत नाही.

तेराव्या दिवशी शाळेची तपासणी होती. हाच धडा मला प्रयोग करून दाखवायचा होता. एका भांड्यात पाणी, दुसऱ्यात वाळू, दोन्ही सारखीच तापवायची आणि आधी काय निवतं ते बघायचं. शाळेचा माठ कोरडा. घरात अर्धी घागर उरली होती, ती मी उचलून नेली.

धडा छान झाला. वाळू केव्हाच गार पडली, पाणी गरम राहिलं. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा लिहिला. तेवढ्यात शेजारच्या गीताबाई धावत आल्या. घरी पोचलो तर बाळ गेलेलं. तुझा जरा डोळा लागला होता. बायका म्हणत होत्या, "पोर गारठलं आन् आय झोपली व्हती." मी ऐकून घेतलं. खाली घातलेली मान आजवर वर केलेली नाही.

रंगू, त्या सकाळी बाटल्या मी भरल्या होत्या. मीच गुंडाळून ठेवल्या, म्हणून तू उघडून पाहिल्या नाहीस. त्यांत पाणी नव्हतं, तव्यावर तापवलेली वाळू होती. दोन तासांचा तर प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं. वाळू किती लवकर निवते हे साऱ्या गावात मला एकट्याला ठाऊक होतं. हे पत्र आईला वाचून दाखव, इथल्या त्या बायकांना मी स्वतः सांगतो. मला माफ करू नकोस, परतही येऊ नकोस. पण आता झोप.

लिहायला हात धजत नाही, तरी तुझाच,
जालिंदर