वाळलेली वांगी

रोहणा,
कार्तिक, १९५६

प्रिय मातेओ,

तुझ्या माद्रिदच्या प्रदर्शनाचं पुस्तक सेवाग्रामला, तुला आमच्याकडे आणणाऱ्या वासुदेवरावांच्या पत्त्यावर आलं. ते स्वतः मोटारीनं इथवर घेऊन आले आणि त्यातलं इंग्रजी त्यांनीच मला समजावून सांगितलं. आधी तू मोठमोठ्या माणसांचे चेहरे रंगवायचास. आमच्याकडून परतल्यावर मात्र नुसती भांडी, फळं, भाज्याच काढतोस, आणि आता तिकडे तुझं नाव झालंय ते त्यापायीच. ऐकून बरं वाटलं बाबा. मला तुझ्याकडे एक मागायचं आहे, पण हात धजत नाही, म्हणून आधी इकडचंतिकडचं लिहिते. मराठी वाचायला विसरला नसशील असं धरून चालले आहे.

पान उलटलं तर आपली वांगी. तीच आपल्या ओसरीवरची, पाटावर मांडलेली, शेजारी पितळी तांब्या. आठवतं का, त्या चित्रानं तुला किती रडवलं? रोज सकाळी तू कुंचला घेऊन बसायचास आणि वांगी कालच्यासारखी दिसायचीच नाहीत. डोळे गेले की काय म्हणून तू वर्ध्याच्या डॉक्टरकडे जायला निघालास. मग कळलं, आपली माय पहाटे वावरातून ताजी वांगी आणून कालची उचलून नेते. तू कपाळाला हात लावलास, तर ती तुझ्यावरच उखडली. पाहुण्यापुढं वाळलेले वांगे ठेवू काय, लोक काय म्हंतीन मले?

तू हात जोडलेस तेव्हा कुठं थांबली. पण सुकलेली वांगी तिला पाहवत नव्हती. शेजारच्या भागाबाई आल्या की पाटावर फडकं टाकायची, आणि त्या गेल्या की पुन्हा काढायची. तुला मातू म्हणायची. मातू जेवला काय, हे विचारल्याशिवाय तिनं कधी ताट वाढून घेतलं नाही.

तुझा चेहरा काढू देशील का, असं तू मायला एकदा विचारलं होतंस. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला न् आत निघून गेली. चित्र काढलं की माणसाचं आयुष्य उतरते, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. आर्वीच्या जत्रेत फोटोवाला दिसला तरी ती वाट बदलायची. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. शहाणा आहेस, असं मी तेव्हा म्हटलं.

मातेओ, माय गेली. पोळा झाला आणि ताप आला, तो उतरलाच नाही. तुला लगेच कळवायला हवं होतं, पण लिहायला बसले की काही सुचायचं नाही. घरात तिचा एकही फोटो नाही. तेराव्याला भिंतीपाशी नुसता पाट ठेवून त्यावर फूल वाहिलं. माझी धाकटी आता विचारते, आजी कशी होती. मी सांगायला लागते न् मलाच नीट आठवत नाही. त्याची फार भीती वाटते रे.

आणि काल दिवेलागणीआधी ते पान पुन्हा उघडलं. तांब्याच्या चकचकीत पोटात आपल्या दाराचं प्रतिबिंब दिसतं. दारात कुणीतरी वाकून उभं आहे, डोक्यावर पदर, हातात फडकं. तिनं नको म्हटलं आणि तू ऐकलंस, असं आम्ही समजत होतो. छापलेल्या चित्रात तोंडाच्या जागी नुसता काळा ठिपका आलाय. तुझ्या मूळ चित्रात तिचे डोळे आहेत का? असतील तर तेवढाच तुकडा, हाताच्या पंज्याएवढा, पुन्हा रंगवून पाठव. आता तिचं आयुष्य काही उतरायचं नाही. आणि तांब्यात ती नसेलच, नुसती सावली असेल, तर ते मला कळवू नकोस. तुला आठवते तशी काढ.

वाट पाहणारी तुझीच बहीण,
कुसुम