पाटीवरचं नाव

निपाणी, मंगळवार, संध्याकाळ

वर्ग संपवून घरी आले तरी हसू जात नाही, आणि मधेच डोळेही भरून येतात. असं का व्हावं?

बिड्या वळणाऱ्या बायकांच्या माझ्या साक्षरता वर्गात पारूआक्का येतात. साठी उलटलेली. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलेलं नाही. काल हळूच म्हणाल्या, "बाई, घ्यायचं न्हाय, पण लिवलं तर चालतंय न्हवं?" शेजारणीनं नाव सांगितलं, मी शिकवलं. 'मारुती'. त्यातला 'रु' काही जमेना. पुसायच्या, पुन्हा काढायच्या. शेवटी जमला, तशी पाटी पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या.

आज नवऱ्यालाच, आप्पांना, सोबत घेऊन आल्या. त्यांनाही वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाटी माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "कालपासनं इचारतोय, काय लिवलंयस म्हणून. नुसती हसतीया. तुम्ही तरी सांगा, बाई."

मी तोंड उघडलं, तर त्यांच्यामागून आक्कांनी नकारार्थी मान हलवली. आता सांगावं की नको? मी पाटी आप्पांकडंच वळवली.

आप्पांनी त्या 'रु'वरून अलगद बोट फिरवलं, पुसू नये म्हणून जपून. मग आक्कांकडं बघून म्हणाले, "म्हंजे मलाच शिकावं लागंल म्हण की." आणि भिंतीला टेकून बसले. आक्का लाजत शेजारी सरकल्या.

सगळ्यांना मी 'ग'पासून सुरुवात करून देते. आप्पांना 'म' काढून दिला.