येलेनाचा कुम

चँडलर, ९ मार्च

चि. सौ. मृणाल हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईला तसं सांग. तिचा गुडघा कसा आहे?

शुक्रवारी ऑफिसातल्या येलेनाचं कोर्टात लग्न झालं. ती सर्बियाची. तिच्या घरच्यांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून तिने मला विचारलं, "माझा कुम होशील?"

आमचा तुर्की मित्र एमरे हसला. "आमच्याकडे कुम म्हणजे वाळू. उझबेक, कझाक लोकांकडेही तेच."

येलेना म्हणाली, "आमचा शब्द वेगळा, मुळात लॅटिनमधला. लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहतो तो कुम. मग तो जन्मभराचा नातेवाईक होतो."

मी सही केली आणि सांगितलं, की आमच्यात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. नवरदेवाने मुकाट्याने मान पुढे केली. मी पिळला. येलेना हसता हसता रडायला लागली. मलाही तुझं लग्न आठवलं, मी ते इथे बसून फोनवर पाहिलं होतं.

माझ्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख अजून मिळालेली नाही, ती मिळाल्याशिवाय घरी येता येत नाही, पण काळजी करू नकोस. केदाररावांना सांग, त्यांचा कान पिळायचा राहिलाय.

तुझा,
हेरंबदादा