नळाखाली भिजवलेला टॉवेल

३ मार्च, सोमवार
आज सकाळी देवापुढे दिवा लावला, पिशवी घेतली आणि वुडलँड्सच्या तरणतलावाच्या फाटकापर्यंत गेलो. आत गेलो नाही. शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, चहा घेतला. निघताना तिथल्या नळाखाली टॉवेल भिजवला, पिळला, पिशवीत घातला. वाळत घालताना सुनंदाने तो नाकाशी नेला.
"अहो, याला तलावाचा वास कसा नाही?"
मी पेपर वाचत होतो. म्हणजे वाचत नव्हतो.
पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि बायकोला फसवायला टॉवेल भिजवतो.

५ मार्च
हे सगळं ईरासाठी. शाळेत पोहण्याचे तास जूनच्या सुट्टीनंतर, पोटात दुखणं आत्तापासून. अकरा वर्षांची पोर. गेल्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, सेंटोसाच्या बीचवर पण तू वाळूतच बसतोस. यू स्केअर्ड, सो आय ऑल्सो स्केअर्ड ला."
रागाने नाही, सहज म्हणाली. नाक माझं घेतलंय, भीतीही माझीच घेतली.
म्हणालो, मी शिकतो. खोल बाजूला उडी मारून दाखवतो.
"प्रॉमिस?"
हो म्हणून बसलो.

८ मार्च, शनिवार
आत गेलो. शिकवणारे कोच लिम, साठी ओलांडलेले. पाणी छातीइतकंच, तरी पाय टाइल सोडेनात. गावची विहीर आठवली. पाठीला सुका भोपळा बांधून सगळी पोरं शिकली. माझ्या भोपळ्याची दोरी सुटली. काकांनी केसांना धरून वर काढलं. नंतर त्या वाटेने कधी गेलो नाही.

१५ मार्च
पाण्याखाली गेलो की श्वास कोंडतो. शाळेत गुरुजींनी प्राणायाम शिकवला होता. श्वास कोंडण्यात मी वर्गात पहिला, त्याची शाबासकी मिळायची. इथे तेच नडतंय. मनात रामनाम, ओठ घट्ट. मग छाती फुटायला येते आणि वर येताना पाणी नाकात. लिम ओरडतात, "ब्लो आउट! व्हाय यू कीप?"
काठाला लटकून खोकत राहिलो. बाजूच्या रांगेतली लहान मुलं पाहत होती. हे जमणार नाही बहुतेक.

२४ मार्च
गेलो नाही. मागच्या शनिवारीही नाही. तांजोंग पगारच्या ऑफिसात काम फार आहे असं सु.ला सांगितलं. काम नेहमीइतकंच.
ईराने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. एमआरटीच्या डब्यात उभ्या उभ्या वाटलं, ती गप्प राहून शिकतेय. कसं टाळायचं ते. माझ्याकडून.

२७ मार्च
पूजेला बसलो असताना एक सुचलं. पूजेची इच्छा रोज कुठे असते? ताप असला तरी दिवा लागतो. आज लावू का, असं मी स्वतःला कधी विचारलेलंच नाही. तलावाचं मात्र रोज विचारतो, आणि उत्तर भीती देते.
उद्यापासून विचारायचं नाही. दिवा, पिशवी, लिफ्ट.
सु.ला सांगितलं. म्हणाली, "आणि टॉवेल?"
"तो तिथेच भिजेल."
तोंडाला पदर लावून हसली. म्हणजे पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

५ एप्रिल
रोज जातोय. आज पाण्याखाली इतकी भीती वाटली की मिटल्या ओठांतून ओंकारच निघाला. नाकातून बुडबुडे. श्वास आपला आपण सुटला, छाती मोकळी. पुन्हा केलं. पुन्हा.
लिम: "ब्रदर, व्हॉट यू सिंगिंग डाउन देअर?"
"गॉड्स नेम."
"गुड. सिंग लॉंगर."
भीती आहेच.

१९ एप्रिल
उथळ बाजूची रुंदी न थांबता पार केली. मग उगीच खोल बाजूला जाऊन पाहिलं. तळाची काळी रेघ खाली, आणखी खाली जाते. काठ धरून मागे फिरलो.
लिम म्हणतात, पुढच्या शनिवारी उडी. ईराला सांगितलं नसतं आणि जमलं नसतं, तर कुणाला कळलं नसतं. म्हणून सांगून टाकलं.
"मी येऊ?"
"ये."
"कॉश्च्युम घालून?"
"ते तुझं तू ठरव."
जेवताना तिचं पोट दुखू लागलं. मीही ताट अर्धं ठेवलं.

२६ एप्रिल, शनिवार
दिवा लावताना काडी विझत होती. विचारलं मात्र काही नाही. पिशवी, लिफ्ट.
सु. बाकावर बसली. ईरा टीशर्टखाली कॉश्च्युम घालून आलेली. मी खोल बाजूच्या काठावर. लिम पाण्यात, लांब. "यू सिंक, आय कॅच यू." खाली निळं पाणी, पण मला विहिरीचं हिरवंच दिसत होतं. किती वेळ उभा होतो कोण जाणे.
मागून ईरा हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे. इट्स ओके. मी कुणाला नाही सांगणार."
किती मायेने म्हणाली. आणि तेव्हाच खरी भीती वाटली. आज ती मला सोडवतेय, जूननंतर अशीच स्वतःला सोडवेल.
उडी मारली.
पाय कुठेच लागले नाहीत. कानात पाणी, घशात ओंकार. वर आलो, खोकलो, हातपाय मारत काठ धरला. लिमनी हात लावला नाही.
ईरा काठाशी उकिडवी बसली होती. "खाली काय दिसतं?"
"माहीत नाही गं. डोळे मिटले होते."
"मग परत मार. डोळे उघडून."
शिडी चढलो. मागे कुणीतरी पाण्यात पाय सोडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं नाही. पुन्हा काठावर जाऊन उभा राहिलो.