दर क्लिकला दोन रुपये

१० ऑक्टो. ९९, रविवार

आज पण तेच. पुण्याची पांढरी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली. पाळी हौसाची होती. ती पदर सावरून पुढं झाली, जेवण, खोली, सगळं सांगितलं. गाडीवाल्यानं खिशातनं कागद काढला, वाचला, म्हणाला आमचं ठरलंय. गेला सरळ वरच्या हॉटेलात. ह्या आठवड्यातला हा चौथा.

कागद मी बघून घेतला होता. कंप्युटरवर छापलेला. भंडारदऱ्यात राहायच्या जागांची यादी, पहिलं नाव वरच्या हॉटेलाचं. (इथून पुढं व.हॉ. लिहीन. त्यांच्यावर शाई घालवायची नाही.) विचारलं, पहिलं कुणी ठरवलं? तर म्हणतो, कंप्युटरनं शोधून दिलं, मावशी. कंप्युटर जेवून गेला का त्यांच्याकडं? त्यांची आमटी मी खाल्लीय. पाण्यात हळद.

आम्ही चौघी बारा वर्षं पाळीनं पाहुणे घेतो. मी, हौसा, आणि पलीकडच्या दोघी जावा. पहिली गाडी जिची पाळी तिची, दुसरी पुढचीची. धरणावर पळत जाऊन कुणी पाहुणा ओढायचा नाही. एकदा धाकट्या जावेनं ओढला तर तिची पाळी महिनाभर बंद ठेवली. मीच ठेवली. भांडणं झाली, पण नियम राहिला.

आता पाळी आहे, पाहुणाच नाही. आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर. तिच्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं.

१४ ऑक्टो., गुरुवार

संगमनेरला लेकीकडं, नंदाकडं गेले. जावई कंप्युटरचा क्लास चालवतात, तिथं आता नेट आलंय. म्हटलं दाखवा मला ते काय शोधून देतं.

फोनवरनं नेट लागेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. मग यादी आली. वरच्या अंगाला एक पट्टी सारखी उघडझाप करत होती, गोरं व्हायच्या मलमाची. विचारलं, ही इथं कशाला? मी तर भंडारदरा विचारला. म्हणाले, मामी, त्या पट्टीचे पैसे मलमवाला देतो. किती जणांनी बघितली त्यावर.

"म्हंजे मी आत्ता बघितली त्याचे बी?"

"व्हय."

"मग माझे कुठायत?"

हसले. मला हसू आलं नाही.

यादीचं पण तसंच. जो जास्त बोलेल त्याचं नाव वर. लिलावच. नावावर कुणी बटन दाबलं, त्याला क्लिक म्हणतात, की बोललेले पैसे कटले. शोधणाऱ्याला मात्र सगळं फुकट.

एस.टी.त बसल्यावर डोक्यात तेच. कोंबडीला दाणे फुकटच असतात. पुण्याच्या माणसाला वाटतं आपण गिऱ्हाईक. गिऱ्हाईक व.हॉ.वाला, आणि हा गाडीत बसून आलेला माल. पैसे घेऊन नाव वर लावलं असं कागदावर कुठं लिहितात का? नाही. 'शोधून दिलं' म्हणायचं. बाजारात मापात मारणारा पण एवढा निर्ढावलेला नसतो, पकडला तर खाली बघतो.

१८ ऑक्टो., सोमवार

जावयांनी त्या कंपनीचा माणूस धाडला. एवढ्या उन्हात टाय. ओट्यावर चौघी बसलो.

म्हणाला, लोकांना माहिती मिळावी हा आमचा उद्देश आहे. म्हटलं, मग पैसे न घेता मिळू द्या. त्यानं पाणी मागितलं.

भाव असा. व.हॉ.ची बोली दीड रुपया आहे. आपण दोन रुपये बोललो की आपण पहिले. सहाशे आधी भरायचे, त्यातनं दर क्लिकला दोन कटणार. चौघींची नावं घाला म्हटलं तर एका जागेला एकच नाव. पाळी म्हणजे काय ते त्याला सांगून बघितलं. म्हणाला, मावशी, आमच्याकडं पाळी नसते, बोली असते.

मी उठणार होते. हौसानं हात धरला. "तुझं नाव घाल द्वारके. तुला लिवता-वाचता येतं. पावना आला की पाळीनंच वाटू."

जावा कुरकुरल्या. थोरली म्हणाली, नाव एकीचं आन् पैसं चौघींचं. हौसा म्हणाली, मी हाय ना. दीडदीडशे काढले.

टायवाल्याचा राग येतो. त्याच्याच हातात दिले म्हणून जास्त येतो.

२० ऑक्टो., बुधवार

एसटीडीवर जावयांचा फोन. 'द्वारकाबाईंचे घरगुती भोजन व निवास' पहिल्या नंबरावर. हौसानं गूळ वाटला. चौथी शिकलेली मी, सगळ्या जगात पहिली.

लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

२७ ऑक्टो., बुधवार

एक गाडी नाही.

आणि आज टायवाल्याचा फोन, पैसे संपले, नाव खाली गेलं. तीनशे क्लिक झाले म्हणे. तीनशे माणसांनी आपलं नाव उघडलं आणि एकाला भूक लागली नाही?

थोरली जाऊ म्हणाली, नाव तुझं, जावई तुझा, तीनशे माणसं बी तुझीच असतील.  हौसानं बोलायला पाहिजे होतं. उद्या-परवा संगमनेरला जाऊन छडा लावते.

२९ ऑक्टो., शुक्रवार

क्लासच्या फळ्यावर खडूनं पायऱ्या लिहिलेल्या. एक, नेट लावा. दोन, 'भंडारदरा' टाइप करा. तीन, पहिल्या नावावर क्लिक करा.

नेटचं मशीन एकच. पोरंपोरी रांगेनं येऊन शिकतात. सकाळची बॅच, दुपारची, संध्याकाळची. रोज. जावयांना कौतुक, ही आमची मामी, अख्ख्या महाराष्ट्रात पहिली. नंदानं सासरच्या सगळ्यांना नेऊन दाखवलं, त्यांनी शेजाऱ्यांना.

मी म्हटलं, जावईबापू, दर क्लिकला किती?

त्यांनी वळून फळ्याकडं बघितलं. म्हणाले, मामी, मला वाटलं पावन्यांच्याच क्लिकचे घेत असतील. तिकडं नंदा रडायला लागली. कुणाला शिव्या द्यायच्या? कौतुकच केलं त्यांनी.

शिव्या टायवाल्यासाठी राखून ठेवल्या होत्या, फोनवर दिल्या. तो म्हणतो, क्लिक तो क्लिक, कोण दाबतंय ते आम्ही कसं बघणार? म्हटलं, मलमाची पट्टी किती जणांनी बघितली ते मोजता, आन् एकाच मशीनवरनं तीनशे वेळा दाबलं ते दिसत न्हाई? दिसत असणार. पण त्याचे पण पैसेच आलेत ना. म्हणाला, दिवाळी आलीय, आणखी भरा. व.हॉ. आता तीन रुपये बोलतंय. गुरुवारी येतो.

रात्री मुक्काम तिथंच. जेवताना जावई हळूच म्हणाले, उद्यापासनं पोरांना व.हॉ.च्या नावावर क्लिक करायला सांगू का? त्यांचे बी संपतील. म्हटलं, अजिबात नाही.

म्हटलं खरं. दोन मिनिटं विचार करून म्हटलं.

३० ऑक्टो., शनिवार

हौसा एस.टी.च्या थांब्यावरच उभी होती. कळलं का, म्हणाली. सगळं सांगायचं ठरवूनच उतरले होते. थोरली जाऊ पण मागं उभी, हाताची घडी घालून.

तोंडातनं निघालं, "व.हॉ.वाल्यानं माणसं बसवून दाबलं."

हौसा जावेकडं वळली, म्हणाली, बघितलं? मी सांगत न्हवते?

धाकटीची पाळी महिनाभर बंद करणारी मी.

२ नोव्हें., मंगळवार

हौसा व.हॉ.त जाऊन भांडून आली. मॅनेजरनं आईची शपथ घेतली म्हणे. हिनं त्याला पाहुण्यांसमोर चोर म्हटलं. खाली आली ती ताठ मानेनं. तो खरं बोलत होता. एकाच माणसाबद्दल मला वाईट वाटायचं राहिलं होतं, ते पण झालं.

दुपारी आली. दिवाळीला ठेवलेला तांदूळ विकलाय. जावांना पटवून त्यांचे पण आणलेत. आठशे माझ्या हातात ठेवले. म्हणाली, गुरुवारी त्याला चार रुपये बोल. "त्या डबड्याचा भरवसा न्हाई मला. तुझा हाय."

मी घेतले. का घेतले?

४ नोव्हें., गुरुवार

टायवाला अकरालाच हजर. फॉर्म भरून आणलेला, नुसती सही. चार रुपये बोला मावशी, सुट्टीभर तुम्हीच पहिल्या. ओट्यावर बसवला. चहा दिला नाही.

पैसे घेऊन हौसाकडं गेले. अंगण सारवत होती. म्हटलं, हौसा, हात धू, बोलायचंय.

"बोल की. कान काय शेणात हायेत?"

"दाबणारे व.हॉ.चे नव्हते."

हात थांबला. कुणाचे ते विचारलं नाही. पुन्हा सारवायला लागली, सारवून झालेलीच जागा. तिच्यासमोर पैसे ठेवले, तिनं बघितले नाहीत. ओट्यावरनं टायवाल्याची हाक आली, मावशी, करताय ना सही? मला एक वाजता पुढं जायचंय.

हौसा मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हनावं थांब. आन् तू हितं बस."

बसले.